मानाचा फेटा

कोऱ्या फेट्याच्या खळीचा वास आला की मी अजून त्या दुपारी जाऊन बसतो. जऊळक्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत दरवर्षी कुस्ती सोडलेल्या एका पहेलवानाला मानाचा फेटा बांधत. कोणाला बांधायचा, यावर आखाड्याच्या ओट्यावर आम्ही पाच पंच भांडत होतो. दोन नावं उरली होती. "त्या दुसऱ्याले कायले? अर्ध्या कुस्त्या त्यानं बरोबरीत सोडवल्या!" "अन् हा तं हारेल आहे, आपल्या भाऊशीच!" सगळे माझ्याकडे वळले. "बोला न भाऊ, सरळ चीत झालता का नाई?" माझ्याशी हरलेला तो समोरच निंबाखाली ऐकत बसला होता. माझ्या पाठीशी भिंत होती, उठायला वाट नव्हती. दंगलीत अंगाला तेल लावून उतरायचं नाही, हा कायदा. मी त्या कुस्तीत लावलं होतं, आणि त्याची पकड निसटली होती. "सरळ चीत झालता," मी म्हणालो. फेटा दुसऱ्याला गेला. उठून जाताना तो माझ्यापाशी थांबला. "म्या कोनाले सांगतलं नाई भाऊ," तो हळूच म्हणाला. "वाटलं, आज तुमीच सांगसान." अजून तो रोज रस्त्यात भेटतो, आणि रामराम आधी तोच करतो.