जावईबापूंच्या घड्याळाची परीक्षा

आमच्या माहेरी जावयाला द्यायची कुठलीही वस्तू आधी माझ्यावर चालवून बघतात. याला कारण एक बॅग. पहिल्या दिवाळसणाला बाबांनी माझ्या नवऱ्याला चाकांची भलीमोठी बॅग दिली, आणि कल्याण स्टेशनच्या जिन्यावर तिचं एक चाक निखळून टणाटण उड्या मारत खाली गेलं. नवरा हसला आणि विसरून गेला. बाबा विसरले नाहीत. शाळेत हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. जावयासमोर आपला शेरा बिघडला, हे त्यांच्या मनाला जे लागलं ते लागलंच. त्यानंतर जावयासाठी घेतलेला मिक्सर महिनाभर मी चटण्या वाटून तपासला, आणि जावयाची छत्री पावसात मी भिजवून आणली. माझ्या वस्तूंची अशी परीक्षा कुणी घेत नसे, कारण मला वस्तू द्यायची वेळच कधी येत नसे.

मग अधिक महिना तोंडावर आला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आता विष्णूला नुसते तेहतीस अनारसे देऊन कसं भागेल? बाबांनी घड्याळ द्यायचं ठरवलं. साधंसुधं नाही. उन्हावर चालणारं, पाणबुड्यांचं, वर त्यात स्टॉपवॉच. परवडणाऱ्या भावातलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुकानदार ओळखीचा होता. महिनाभर वापरून बघा, नाही पटलं तर परत आणा, असं तो म्हणाला होता.

"पाणबुड्यांचं?" मी विचारलं. "बाबा, तुमचा जावई टॅक्सच्या ऑफिसात एसीत बसतो. त्याचा पाण्याशी संबंध म्हणजे वऱ्हाळा तलावाच्या काठावर भेळ खाणं."

"वस्तू भारदस्त पाहिजे. दोनशे मीटर पाण्यात चालतं हे."

"भिवंडीत दोनशे मीटर पाणी आहे कुठे?"

"परवाच्या पावसात अंजूरफाट्याला बघितलं नाहीस का?" बाबा म्हणाले, आणि माझ्या हातात खोका ठेवला.

मी वडप्याला एका गोडाऊनमध्ये डॉकवर शिफ्ट इन्चार्ज आहे. डॉक म्हणजे जिथे कंटेनर पाठ लावून उभे राहतात आणि माल उतरतो तो ओटा. आमच्याकडे मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. आत भिंतीवर एक घड्याळ आहे, पण ते ऑफिसच्या टोकाला, आणि त्याच्या काचेवरची धूळ गोडाऊनपेक्षा जुनी आहे. म्हणजे मला घड्याळाची गरज होती. पण हा विषय नव्हता. विषय होता जावईबापू.

पहिला आठवडा मी नुसती करवादत होते. काय ते धूड! सोबत रबराचा पट्टा होता, तो आवळून बांधला तरी मनगटावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसायचं. मोठ्या तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या. त्यातली एक चोवीस तासांची, म्हणजे आत्ता दिवस आहे की रात्र हे ज्याला खिडकीतून कळत नाही त्याची सोय. चावी स्क्रूसारखी फिरवून बंद करायची, म्हणजे आत पाणी जात नाही. बाजूला दोन बटणं. आणि भोवतीची कडा फिरते, पण एकाच बाजूला. उलटी फिरवायला गेलं की हटून बसते. म्हटलं, वा, आमच्याच घरातलं दिसतंय.

ती कडा कशासाठी असते हे मी माहितीपत्रकात वाचलं. पाण्यात उतरताना तिच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती वेळ झाला ते बघितल्याबरोबर कळतं. चुकून धक्का लागून कडा सरकली, तर वेळ जास्त झाल्यासारखा दिसेल, कमी कधी नाही. म्हणजे पाणबुड्या लवकर वर येईल, पण हवा संपून मरणार नाही. मला हे फार आवडलं, कुणीतरी माणसाच्या जिवाचा एवढा विचार करून वस्तू केली होती.

मग मी ती कडा कंटेनरला लावली. गाडी डॉकला लागली की त्रिकोण काट्यासमोर. आमचे ड्रायव्हर लोक म्हणजे एकेक नग. येऊन चहा प्यायला नाही तोच कपाळाला हात लावून ओरडणार, "मॅडम, सुबह से खड़ा हूँ!" आता मी नुसतं मनगट पुढे करायची. "सुबह पौने घंटे पहले हुई क्या, भैया?" तो बिचारा घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने बाजूला व्हायचा. माल उतरवणाऱ्या टोळ्यांमध्ये कुठली झपझप काम करते आणि कुठली नुसता आवाज करते, हे स्टॉपवॉच लावल्यावर लगेच कळलं. गोडाऊनच्या मागच्या बाजूला, जिथे दिवे मेलेलेच असतात, तिथे काटे हिरवट उजळायचे. दुपारचा डबा मी आत खायची ती बाहेर शेडच्या कडेला बसून खायला लागले. सगळ्यांना वाटलं, मॅडमना हवा लागते. हवा कसली डोंबलाची! ढगांतून जो काय उजेड येईल तो मी घड्याळाला खायला घालत होते.

बाबांचा रोज संध्याकाळी फोन. "मागे पडतं का?"

"नाही."

"पुढे?"

"नाही हो."

"पाणी?"

"स्कूटरवरून भिजत येते रोज. मी गळते, ते गळत नाही."

"वा! जावईबापूंना शोभेल."

हे शेवटचं वाक्य रोज असायचं. मला ते घड्याळ हवं होतं. इतकं की शिफ्ट संपली तरी मी ते काढत नव्हते, पोळ्या लाटतानासुद्धा नाही. उपाय अगदी सोपा होता. घड्याळ मागे पडतंय म्हणून सांगायचं, बाबा ते नापास करणार, आणि मग दुकानदाराकडे जाऊन मी स्वतः माझ्या पगारातून ते घेणार. शेवटच्या संध्याकाळी मी खोटं बोलायचं ठरवून फोन उचलला.

"मग काय म्हणतेस? पास का नापास?"

"एक नंबर आहे, बाबा," मी म्हणाले. काय करणार? ज्याने महिनाभर माझी बाजू खरी करून दाखवली त्याची नालस्ती करायला जीभ वळेना.

रविवारी बाबा आले आणि माझ्या हातातून घड्याळ काढून घेऊन गेले. कापसाने पुसून ते पुन्हा कोरं केलं. रबराचा पट्टा जावयाला शोभत नाही म्हणून त्याजागी स्टीलचा बसवला, जावयाच्या मापाचा. काचेवर पारदर्शक कागद चिकटवला. वापरलेली मुलगी कोरी करून देता येत नाही, घड्याळाचं मात्र जमतं.

अधिकातल्या जेवणाला जावईबापू पाटावर बसले. आईने ओवाळलं, बाबांनी खोका पुढे केला, "अगदी खात्रीचं आहे, जावईबापू." खात्री कुणी केली हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. खात्री अनारसे वाढत होती. नवरा म्हणाला, "अरे वा, मस्त!" मग खिशातून मोबाइल काढला, त्यात किती वाजले ते बघितलं आणि म्हणाला, "चला, निघायला हवं."

माझा नवरा वाईट माणूस नाही. फक्त त्याला कशाचीच हौस नाही. घरी आल्यावर त्याने घड्याळ खोक्यात घातलं, खोका पिशवीत, पिशवी लोखंडी कपाटात माझ्या शालूखाली डांबरगोळ्यांच्या शेजारी. "चांगली वस्तू आहे. चांगल्या प्रसंगाला घालू," म्हणाला. आमच्याकडे चांगल्या वस्तूचा हाच सत्कार असतो.

"त्याला उजेड लागतो," मी म्हणाले.

"घड्याळ आहे ते, तुळस नाही."

एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डॉकवर मी पुन्हा ड्रायव्हरांनाच किती वाजले ते विचारायला लागले, आणि ते खुशाल त्यांच्या सोयीची वेळ सांगू लागले. नवीन घड्याळ घ्यायला दुकानात एकदा गेलेही होते. दाराशी जाऊन परत आले. मला घड्याळ नको होतं, मला ते घड्याळ हवं होतं.

चांगला प्रसंग उगवला तो ऐन उन्हाळ्यात. नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं, बायपासजवळच्या लॉनवर. आईबाबा सकाळीच टेमघरला आमच्याकडे आले, सगळ्यांनी मिळून निघायचं म्हणून. नवरा नवा झब्बा घालून ऐटीत कपाटाशी गेला, पिशवीतून खोका आणि खोक्यातून घड्याळ काढलं. काचेवरचा कागद तसाच होता. काटे मात्र थांबलेले.

"बंद आहे वाटतं," तो सहज म्हणाला.

बाबांचा चेहरा! ती बॅग, ते चाक, कल्याणचा जिना, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, हलवलं, कानाशी नेलं. मग वळले माझ्याकडे.

"तू काय तपासलंस? महिनाभर हातात घालून मिरवत होतीस, आणि एवढं कळलं नाही तुला? माझी मान खाली घातलीस त्यांच्यासमोर."

माझं डोकं सणकलं. मी त्यांच्या हातातून घड्याळ हिसकावून घेतलं, नखाने तो मेला कागद ओरबाडून काढला आणि गॅलरीत जाऊन ते कठड्यावर उन्हात ठेवलं. "या इकडे," मी म्हणाले. तिघंही आले. नटूनथटून, उन्हात, एका घड्याळाभोवती. बऱ्याच वेळाने सेकंदकाटा हलला. आधी थांबून थांबून, दोन दोन घरं उडी मारत.

"चालतंय की!" बाबा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग झालं काय होतं?"

"ते उन्हावर चालतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला कपाटात कोंडून मारलं, आणि वर मलाच विचारताय काय तपासलं म्हणून?" माझा आवाज चढला होता, शेजारच्या गॅलरीतले कपडे वाळत घालायचे थांबले होते. थांबू देत. "बाबा, हे घड्याळ मला हवं होतं."

आई पदराला पिन लावत होती, तिचा हात तिथेच राहिला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? घड्याळ कसं आहे ते रोज विचारलंत. कुणाला हवंय, हे एकदा तरी विचारलंत?"

"अगं, घे ना मग," नवरा मनापासून म्हणाला. "मला कुठे लागतं?"

त्याला लागत नव्हतं, हे बाबांपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. या एका वाक्याने मला रडू फुटलं. बाबा घड्याळाकडे बघत राहिले. मग अगदी हळू, खरोखरच्या काळजीने म्हणाले, "पण मग जावईबापूंना काय द्यायचं?"

"काही देऊ नका!" हे मी नाही, आई ओरडली. माझ्या आईला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "त्यांना काही नकोय. ती मागतेय, तिला द्या."

बाबांनी कठड्यावरून घड्याळ उचललं. उन्हाने तापलं होतं, म्हणून धोतराच्या सोग्यात धरलं. माझ्यासमोर उभे राहिले आणि अडखळले.

"कुठल्या हातात घालतेस तू?"

"डाव्या," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

त्यांनी घातलं. पट्टा जावयाच्या मापाचा, घड्याळ घसरत थेट कोपरापर्यंत गेलं. बाबा ओशाळले. "काढ," म्हणाले, "उद्या मापाचं करून आणून देतो."

"मुळीच नाही," मी म्हणाले, आणि लग्नभर डावा हात वर धरून हिंडले.