कानामागचा रंग

माझ्या भावाचं नवं बाळ बघायला आलेल्या शेजारच्या काकूंनी आधी त्याचा कान दुमडून पाहिला. कानामागे दिसतो तोच रंग पुढे अंगावर येतो म्हणतात. "गोरा होणार हो!" काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाळाची चार वर्षांची सावळी ताई, मनू, पाळणा धरून उभी होती. ती गुपचूप आरशापुढे गेली आणि कान ओढून मान वळवत राहिली. स्वतःच्या कानामागचं कुणाला दिसतं? मुलांना हे शिकवतं कोण, म्हणून आपण हळहळतो. शिकवणाऱ्या आम्हीच तिथे चहा पीत होतो.

कान लालबुंद झाल्यावर ती माझ्याकडे आली. "आत्या, तू बघ. खरं सांग."

मी तिला जवळ घेतलं. पण त्याआधीच माझी नजर तिच्या कानामागे जाऊन आली होती.