‘उद्या मला येऊन भेट’

आज वह्या तपासताना लाल शाई बोटाला लागली आणि मी थेट कोराडीच्या माझ्या सातवीच्या वर्गात जाऊन पोचले.

माझ्या निबंधाखाली सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘उद्या मला येऊन भेट.’ शेजारच्या स्नेहाच्या वहीतही तेच. तिचे वडील वीज केंद्रात इंजिनिअर. ती खुशीत डबा उघडून बसली. मी मात्र वही मिटून दप्तरात खाली खुपसली. बाबा तिथेच ठेकेदाराकडे कोळसा उतरवायचे. साहेबाने भेटायला बोलावलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद, एवढंच आमच्या घराला ठाऊक होतं.

“काय केलं वं तुनं?” वही पाहून बाबांनी हळूच विचारलं. सकाळी कामावर खाडा करून, धुतलेला शर्ट घालून ते माझ्यासोबत शाळेत आले आणि सरांपुढे हात जोडून उभे राहिले. “पोरीले काढू नका, सर.”

“काहून काढू?” सर गोंधळले. “निबंध स्पर्धेला पाठवून राहिलो मी तिला.”

घरापर्यंत मी उड्या मारत गेले. मला फक्त स्पर्धा दिसत होती. बाबांचे जोडलेले हात आता दिसतात.

समोरच्या वहीतला निबंध इतका झकास आहे, की उद्यापर्यंत मला धीर निघत नाही. या मुलीचे वडील बुटीबोरीच्या कारखान्यात ठेक्यावर मजूर आहेत. ‘उद्या मला येऊन भेट,’ मी लिहिलं. त्याच्या वर, ठळक अक्षरांत, आधीच लिहून ठेवलं होतं, ‘निबंध फार आवडला.’