खोटं पकडणारी खुर्ची

आमच्या शाळेत खुर्ची एकच होती. तिच्या पाठीवरचं निजाम सरकारचं चिन्ह गुरुजींनी पोलीस ॲक्शननंतर काचेच्या तुकड्यानं खरवडून काढलं होतं. चिन्ह गेलं, करकर तेवढी राहिली. बसणारा जरा हलला की खुर्ची ताडकळसच्या बाजारात ऐकू जाईल अशी ओरडायची.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी चौथीत होते. शाळाही चौथीपर्यंतच. पुढे शिकायला मुलं परभणीला जात. मुलींचं शिक्षण पूर्ण झालं असं समजत. वडिलांनी मला दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, की गावात पाचवी निघाली तर शिक, न्हाई तर आईसंगं रानात चल. त्यात आपण काही कठोर बोललो असं त्यांना वाटत नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून पाचवीचाच विचार करत होते.

पाचवी मिळणं ज्यांच्या हातात ते साहेब शाळेच्या तपासणीला येणार, असं कळलं आणि गुरुजींनी नाटक लिहायला घेतलं. नुसता अर्ज करणं त्यांच्या प्रतिभेला कमीपणाचं वाटलं. नाटकाचं नाव 'मायावी विद्यालय'. तिथला फळा चुकलेलं गणित आपणच पुसून टाकायचा, घंटा आळशी पोराला पाहून वाजायची आणि खुर्ची खोटं पकडायची. फळ्याच्या वरून ओलं फडकं सोडायला एक जण होता, घंटेची सुतळी ओढायला दुसरा. खुर्चीमागे, सतरंजीच्या पडद्याआड, मी. मुलीनं नाटकात लोकांपुढे यावं हे गावाला मंजूर नव्हतं. दिसली नाही तर तिनं कितीही बोलावं.

पडद्याआडून मला काही दिसत नसे, म्हणून गुरुजींनी खूण ठरवली. आळशी विद्यार्थी खुर्चीत बसून थाप मारणार, खुर्ची करकरणार, की मी घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "मूढ बालका, असत्य बोललास. सत्य सांग." मायावी वस्तू साध्या मराठीत बोलत नाहीत, यावर गुरुजींचा विश्वास होता.

साहेब दुपारी आले. खुर्ची नाटकासाठी ओट्यावर मांडलेली होती, तिच्यावरच त्यांना बसवलं. गावात दुसरी खुर्ची पाटलांची. पण ती पाटलांबरोबर येई आणि पाटलांबरोबर जाई, आणि त्या वेळी पाटील तिच्यात होते. साहेबांचं भाषण झालं की पाटील ती त्यांना देतील, मग नाटक सुरू होईल, असं गुरुजींनी ठरवलं होतं. मला मात्र पडद्याआड आधीच नेऊन बसवलं होतं.

गुडघा दुखतो म्हणून साहेब बसूनच बोलले. देश, विद्या, बालके ही राष्ट्राची फुले. खुर्ची दोनदा करकरली, मी गप्प राहिले. मग ते म्हणाले, येत्या जूनमध्ये इथे पाचवी निघालीच म्हणून समजा. हेच वाक्य त्यांनी आदल्या वर्षी माझ्या मामाच्या गावी म्हटलं होतं. तिथं अजून चौथीच होती. खुर्ची तिसऱ्यांदा करकरली.

नाटक सुरू झालं असं वाटून पोर चुकली, असं गावात पुढे सांगत. साहेबांचा आवाज मला चांगला ओळखू येत होता.

"मूढ बालका, असत्य बोललास. सत्य सांग."

गुरुजी आढ्याकडे बघत होते, असं नंतर कळलं. शेवटी बायकांच्या बाजूनं माझ्या चुलतीचा आवाज आला, "साहेब, खुर्ची इचारायलीय. सांगून टाका की."

लोक हसले. साहेबही हसले असावेत, कारण खुर्ची पुन्हा थोडी कुरकुरली. मग ते अगदी न हलता, हळू बोलले, "पाचवीचा कागद अजून वर पाठवलेला नाही. राहून गेलं."

खुर्ची गप्प. एवढं झाल्यावर पाटील पहिल्यांदाच आपल्या खुर्चीतून उठले. त्यांनी दौत-टाक मागवला, साहेबांपुढे धरला आणि म्हणाले, "बसल्या बसल्या लिवा. आमाला घाई न्हाई."

साहेबांनी लिहिलं. नाटक मात्र राहिलं, त्याचं गुरुजींना फार लागलं.

पाचवी जूनमध्ये निघाली नाही. मी आईबरोबर खुरपायला जाऊ लागले. भादव्यात मूग तोडले. दिवाळीनंतर एकदाचा पाचवीचा मास्तर आला. वडील मला घेऊन गेले तेव्हा मास्तरानं माझे मातीनं भरलेले हात पाहिले आणि अर्धं वर्ष बुडालंय, ही पोरगी ते भरून कसं काढणार, असं वडिलांना विचारलं.

"ते तिलाच इचारा," वडील म्हणाले. "ती साहेबालाबी इचारती."

मास्तरानं माझं नाव लिहून घेतलं.