रामदासभाऊंचा कोरडा बर्फ

रामदास भामरेंना ओळखत नाही असा मराठी माणूस सुरतच्या पांडेसऱ्यात शोधून सापडायचा नाही. ओळखून ज्याचं भलं झालं असा मात्र मला अजून भेटलेला नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे, अलकाचे, हे दीर. तिच्या लग्नाच्या मांडवातच यांनी आचाऱ्याला आमटीत मीठ किती घालायचं ते शिकवलं होतं, आणि आमटी तोंडात धरवेना तेव्हा सुरतच्या पाण्याला दोष देऊन मोकळे झाले होते. तेव्हापासून मी या गृहस्थांना बघतेय. मी इथल्याच मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. मठ्ठ मुलं पुष्कळ पाहिली. पण मठ्ठ मुलाला प्रश्न विचारला की ते बिचारं खाली बघतं. हे वर बघतात आणि उत्तर देतात.

अमळनेरहून आले, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये मुकादम झाले, रिटायर झाले आणि मग लोकांच्या राशीला लागले. कार्डावर छापलंय 'समाजसेवक'. साखरपुडा कुणाचाही असो, मध्ये बसणार हे. बारसं असो, नाव सुचवणार हे. आणि कुणी गेलं की विचारूच नका, डॉक्टरच्या आधी हे जिन्यात. तिरडीला बांबू किती, मडकं कुणी धरायचं, रडायचं कधी आणि थांबायचं कधी, सगळं हेच सांगणार. लोकही ऐकतात. दुःखात माणसाला डोकं चालवायचं नसतं, आणि रामदासभाऊंना दुसऱ्याचं डोकं चालवायची भारी हौस.

मोबाइलवर दोन मिनिटांची फिल्म बघितली की त्या विषयात यांचा हात कुणी धरायचा नाही. ड्राय आइस यांच्या आयुष्यात आला तो असाच, मुलीच्या, नेहाच्या लग्नात. कडोदऱ्याच्या लॉनवर नवरी म्हणे ढगातून चालत येणार. डेकोरेशनवाल्यानं गरम पाण्याच्या पिंपात त्या बर्फाच्या वड्या टाकल्या आणि पांढरा धूर स्टेजभर लोळायला लागला. लॉन उघडं, वारा मोकळा, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. पण भाऊंच्या अंगात आलं. नव्या व्याह्यांना दाखवायला त्यांनी एक वडी उघड्या तळहातावर घेतली. "बघा, बर्फ आहे पण ओला नाही!" आता, हा बर्फ पाण्याचा नव्हेच. आपण श्वासातून बाहेर सोडतो तोच कार्बन डायऑक्साइड दाबून गोठवलेला. शून्याच्या खाली अठ्ठ्याहत्तर अंश. तो वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो. जाड हातमोज्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो, कारण कातडी अक्षरशः जळते. भाऊंच्या तळव्याला टरारून फोड आले. "ॲलर्जी," म्हणाले.

एवढ्यावर भागलं नाही. उरलेलं आइस्क्रीम घरी न्यायचं म्हणून त्यांनी फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ते भरलं, वर उरलेला ड्राय आइस घातला आणि झाकण दातओठ खाऊन आवळलं. का, तर गारवा बाहेर जाऊ नये. बर्फाचा वायू होतो तेव्हा तो कित्येक पट जागा मागतो, त्याला वाट ठेवावी लागते, म्हणून तर तो थर्माकोलच्या सैल झाकणाच्या खोक्यात नेतात. गाडीच्या डिकीत असा काही धडाका झाला की ड्रायव्हर गाडी सोडून पळाला. डबा फाटला, डिकीचं झाकण आतून फुगलं. "आजकाल डब्यांना क्वालिटीच नाही," हा भाऊंचा निकाल. माणूस अनुभवानं शिकतो असं मी वर्गात सांगायचे. ते मागे घेते.

मागच्या वैशाखात अलकाचे यजमान, वसंतराव गेले. अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. अलकानं ती तीन वर्षं कशी काढली ते मी पाहिलंय. रामदासभाऊ सख्खे धाकटे भाऊ, पण यायचे ते पाहुण्यासारखे, डझनभर केळी घेऊन, आणि पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते खुर्चीत बसून समजावायचे. स्वतः कधी हात लावला नाही.

पहाटे प्राण गेला. मुलगा, अभिजीत, कॅनडात. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार, तोवर देह ठेवणं भाग होतं. सुरतेत थंड पेटी देणाऱ्या संस्था आहेत, एका फोनवर पेटी येते. पण ती आली असती तर रामदासभाऊंनी काय करायचं? "ती पेटी गावानं वापरलेली," म्हणाले. "साध्या बर्फाचं पाणी होतं, खालच्या मजल्यावर गळतं, सोसायटीवाले बोंबलतात. आपण ड्राय आइस आणू. थेंब पडणार नाही." आणि आणला की टेम्पोभर! खोक्यांवर गुजरातीत आणि इंग्रजीत ठळक छापलेलं होतं, उघड्या हातानं धरू नये, हवेशीर जागेतच ठेवावा. ती खोकी उलटी करून भाऊंनी त्यांवर फुलांचे हार ठेवले.

मी सुरतेबाहेर, कामरेजला लेकीकडे राहते. गुडघे धड नाहीत, गाडी मिळून निघेपर्यंत दुपार झाली. जिन्यातच शेजारीण भेटली. "बेन, ऊपर दिवा बार बार बुझ जाता है," ती घाबरून म्हणाली. "बहुत खराब लगता है."

तिच्या आधारानं वर गेले. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी पंख्याखाली बसलेली, रामदासभाऊ आतल्या खोलीच्या दारात उभे. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सगळी व्यवस्था सांगितली, अगदी अभिमानानं. देह गादीवर जमिनीवर ठेवलाय, खाली आणि दोन्ही बाजूंना ड्राय आइस. गारवा पसरू नये म्हणून भोवती दुलयांच्या वळकट्यांचा बांध. ऊन येऊ नये म्हणून खिडक्या बंद, फटींत वर्तमानपत्रं. उशाशी दिवा आहे, त्याला वारा लागू नये म्हणून पंखा बंद, एसी बंद. अलकाला बजावून ठेवलेलं, "वहिनी, अभिजीत येईपर्यंत उशाजवळून हलायचं नाही. दिवा विझता कामा नये."

"तरी तो विझतोय, ताई," भाऊ आवाज खाली आणून म्हणाले. "दादाचा जीव कशात तरी अडकलाय. मी वहिनींना म्हटलं, तुमच्या हातून काही चुकलं असेल तर माफी मागून टाका."

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. चार-पाच बायका भिंतीला टेकून बसलेल्या, दोघी कपाळ दाबत होत्या. घरातली म्हातारी आत्या, रंभाबाई, दिवा पुन्हा लावत होती. "त्याना जीव अडकेल शे," ती अहिराणीत पुटपुटत होती. दिवा लागला. माझी बहीण पुढे वाकली, कपाळ जमिनीला टेकवलं, अगदी त्या बांधाला लागून.

"माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्या," ती म्हणाली. ज्योत बारीक झाली आणि गेली.

"आणखी काही असेल, वहिनी," दारातून भाऊ. "मनातलं बोला. लपवू नका."

रंभाबाईनं पुन्हा काडी ओढली. अलका धापा टाकत होती. मला वाटलं, रडून रडून दम लागलाय. मग ती तशीच, कपाळ जमिनीवर ठेवून बोलली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. "मी देवाकडे यांचं मरण मागितलं होतं. मला बघवत नव्हतं. सोडव यांना, म्हटलं."

दिवा विझला.

"अगं बाई!" एकीनं तोंडावर पदर धरला. रामदासभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत?"

पाहिलं होतं. भाऊंनी नव्हतं पाहिलं, मी पाहिलं होतं. वारा लागला की ज्योत फडफडते. ही फडफडली नव्हती. ती वातीवरून उचलल्यासारखी झाली आणि मेली. दर वर्षी सातवीच्या वर्गात मी तेच करून दाखवायचे. पेल्यात खायचा सोडा आणि लिंबू, मग तो पेला मेणबत्तीवर नुसता तिरका करायचा. काहीच ओतलेलं दिसत नाही आणि मेणबत्ती विझते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. उभ्या माणसाला कळतही नाही. आणि माझी बहीण त्यात नाक खुपसून माफी मागत होती, आणि तिचं डोकं आता वर येत नव्हतं.

मी किंचाळले. "उठा सगळ्या, बाहेर व्हा!" रामदासभाऊ दारात आडवे. "ताई, असं करू नका, विधी चालू आहे." मी त्यांना कोपरानं असं ढोसलं की ते दाराच्या कडीवर आपटले. आहाहा, त्या आवाजानं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! अलकाच्या काखेत हात घालून मी आणि शेजारणीनं तिला ओढत गॅलरीत आणलं. चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, श्वास भात्यासारखा चाललेला. खिडक्या उघडल्या, पंखे लावले. बऱ्याच वेळानं तिला उलटी झाली आणि तिनं मला ओळखलं. समोरच्या बिल्डिंगमधले डॉक्टर आले, तपासलं आणि म्हणाले, "आणखी थोडा वेळ वाकून राहिल्या असत्या तर उठल्या नसत्या."

मी काडेपेटी घेतली, पंखा क्षणभर बंद केला आणि भाऊंना आत नेलं, सगळ्यांसमोर. काडी ओढून छातीशी धरली, जळली. मग दुलयांच्या बांधात, वसंतरावांच्या उशाशी हळूच खाली नेली. खिडक्या उघडूनही त्या खोलगटात वायू साचलेलाच होता. काडी पटकन विझली. दुसरी, तीही विझली.

"काडी ओलसर असेल," रामदासभाऊ म्हणाले.

काय बोलायचं अशा माणसाशी! मी थंड पेटी मागवली. ती घेऊन आलेल्या माणसांनी जाड हातमोजे घालून बर्फाच्या वड्या खोक्यांत भरल्या, झाकणं सैल ठेवली आणि खोकी गच्चीवर उघड्या हवेत नेऊन ठेवली, आपोआप उडून जायला. तेव्हा भाऊ शेजाऱ्यांना सांगत होते, "हवेशीर जागा पाहिजे, हे मी म्हणणारच होतो."

संध्याकाळी अलका खुर्चीत बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे हे माझ्यावर रागावले नव्हते?"

"नाही गं. रागावायला काय कारण?"

ती म्हणाली, "मग मी ते सगळ्यांपुढे कशाला बोलले, ताई?"

बोललेला शब्द काही खोक्यात भरून गच्चीवर नेता येत नाही. खाली बाकड्यांवर तोच विषय चालू होता, मी जिन्यात माझ्या कानांनी ऐकलं. "बाईनं स्वतः कबूल केलं म्हणे, नवऱ्याचं मरण मागितलं." वायूचं कुणी नाव काढत नव्हतं. आणि हे पसरवत कोण होतं ते सांगायला नको. वायू खरा धरला तर रामदासभाऊ मूर्ख ठरत होते आणि वहिनी त्यांच्या हातून मरता मरता वाचल्या असं होत होतं. कबुली खरी धरली तर भाऊ जाणते ठरत होते. त्यांनी स्वतःच्या सोयीचं निवडलं. स्वतःची अब्रू झाकायला त्यांना माझ्या बहिणीचा पदर पुरला. इतका हलका माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सकाळी अभिजीत आला. बॅग खाली ठेवायच्या आत भाऊंनी त्याला दारातच गाठलं, खांद्यावर हात टाकला. "बेटा, आईला सांभाळ. काल काहीबाही बोलली ती, तुझ्या बाबांच्या मरणाबद्दल. सगळ्यांनी ऐकलं. तू मनावर घेऊ नकोस." मनावर घेऊ नकोस म्हणण्याची ही पद्धत! पोरगं प्रवासानं आधीच खचलेलं. त्यानं गोंधळून आईकडे पाहिलं. घर गच्च भरलेलं, सगळे कान टवकारलेले.

मी तोंड उघडणार होते. अलकानं मला हातानं थांबवलं आणि खुर्चीतून उठली.

"काकांनी अर्धंच सांगितलं, अभी. मी पुरं सांगते. मी तुझ्या बाबांचं मरण मागितलं. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या मी धुवायचे तेव्हा त्यांना ओरडताही येत नव्हतं. शेवटी पाणी गिळवेना. माझ्याकडे बघत राहायचे. म्हणून मागितलं, आणि परत तशी वेळ आली तर परत मागेन. तू फोनवर विचारायचास, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणायचे, बरे आहेत. ते खोटं होतं. त्याची माफी तुझ्याकडे मागते. तुझ्या बाबांकडे मागायचं माझं काही नाही, आणि त्यांना ते ठाऊक आहे."

अभिजीतनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. बायकांत कुणीतरी हुंदका दिला. रंभाबाईनं अलकाच्या पाठीवरून हात फिरवला.

मग पेटी उघडली, तिरडीवर देह ठेवला, आणि रामदासभाऊ नेहमीसारखे पुढचा डावा दांडा धरायला वाकले.

"भावजी, तुम्ही राहू द्या," अलका म्हणाली. आवाज चढवला नाही. "खांद्याला माणसं पुष्कळ आहेत."

घरातलं एकही माणूस त्यांच्या बाजूनं बोललं नाही. दुसऱ्या कुणीतरी दांडा घेतला आणि वसंतराव निघाले. रामदासभाऊ तिथेच रिकाम्या खोलीत राहिले, आणि मयताच्या घरात काम नसलेल्या माणसानं कुठे उभं राहायचं असतं, तेवढं मात्र त्यांना स्वतःलाही सांगता येईना.