औषधी झाक

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ते बरं चालत होतं. मास्तर हे नाव पडलं ते मार्क द्यायच्या खोडीमुळे. दिसेल त्या गोष्टीला हा माणूस वीसपैकी मार्क देत असे. शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांना अकरा, सासऱ्यांच्या भाषणाला चार, स्वतःच्या लग्नाच्या फोटोला साडेबारा. ते चार मार्क सासऱ्यांच्या कानावर गेले, तेव्हापासून जावयासमोर त्यांनी भाषण म्हणून केलं नाही. त्या खोडीचा घराला झालेला फायदा एवढाच.

अकरा वर्षांपूर्वी मास्तर रेड वाइनकडे वळले. पिण्याची हौस म्हणाल तर बेताचीच. खरी हौस चाखायची आणि मार्क द्यायची. रंगाला तीन, वासाला सात, चवीला सात, आणि घोट गिळल्यावर तोंडात जे मागे उरतं त्याला तीन. जाड पुठ्ठ्याच्या चार वह्या भरून झाल्या होत्या. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता वाइनच्या दुकानाच्या माळ्यावर मास्तर धरून सहा हौशी जमत, आणि दुकानदार यजमान.

तिथला रिवाज ठरलेला. दर खेपेला पाळीपाळीने एकजण झाकणारा. त्याने सहा बाटल्या आणायच्या, कापडी खोळींत घालून वर नुसते आकडे लावायचे, आणि त्या दिवशी स्वतः मार्क द्यायचे नाहीत. खोळी मास्तरांच्या बायकोने शिवल्या होत्या, मास्तरांच्याच जुन्या पँटच्या पायांच्या. चिठ्ठ्याही मास्तरांच्याच, डोळ्यांचा नंबर लिहून द्यायचं कोरं पॅड ते दुकानातून आणत. मार्क लिहून, घडी घालून चिठ्ठी काचेच्या भांड्यात टाकायची आणि दुकानदाराने एकेक मोठ्याने वाचायची. मास्तरांची सगळ्यांत शेवटी. कारण ती आधी वाचली की बाकीचे खोकल्यासारखं करून आपापली चिठ्ठी परत मागत.

एवढा दरारा कशाने, तर औषधी झाकेने. जवळजवळ प्रत्येक वाइनमध्ये मास्तरांना अगदी शेवटी ‘एक औषधी झाक’ सापडे. दुसऱ्या कुणालाही ती कधीच सापडली नाही. दातांचे डॉक्टर बिचारे डोळे मिटून, मान तिरकी करून शोधत बसत आणि शेवटी शरमून ग्लास खाली ठेवत. आपल्याला जे लागत नाही ते मास्तरांना लागतं, तेव्हा नाक म्हणावं तर मास्तरांचं, असं सर्वांनी मान्य करून टाकलं होतं. मास्तरांनी ज्या बाटलीला सर्वाधिक मार्क दिले तिच्याखाली दुकानदार महिनाभर एक पांढरं कार्ड लावून ठेवी: ‘मास्तरांची पसंती’. मास्तर रोज घरी जाताना वाट वाकडी करून ते कार्ड बघत, आणि आपल्याला ते बघताना कुणी बघत नाही ना, हेही बघत.

बायको लॉन्ड्रीत होती, डागांच्या टेबलावर. आलेला कपडा नाकाशी धरायचा आणि डाग कशाचा ते सांगायचं. चहाचा, शाईचा, गंजाचा, बुटाच्या पॉलिशचा. मग त्याप्रमाणे तो पुढे धुवायला जाई. अठरा वर्षं तिचं हेच काम. जगातल्या यच्चयावत गोष्टींना मार्क देणाऱ्या मास्तरांनी या कामाला कधी मार्क दिले नव्हते, कारण हे काही मार्क देण्यासारखं आहे हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग सहातल्या एकाची बदली झाली आणि खुर्ची रिकामी पडली.

“तू चल या रविवारी,” मास्तर बायकोला म्हणाले.

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायला कशाला हवं? खुर्ची भरायची आहे.”

ती गेली. पहिल्या दिवशी तिने मार्क दिलेच नाहीत. चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘तीन नंबरची काल उघडली होती.’ दुकानदाराने ती वाचली आणि त्या दिवशीचा झाकणारा कानापर्यंत लाल झाला. आदल्या दिवशी त्याला धीर निघाला नव्हता. अर्धा कप पिऊन त्याने बूच परत दाबलं होतं. सगळे टेबल बडवून हसले. मास्तरही हसले, पण उशिरा.

“अंदाज बरा लागला तुझा,” परतताना ते म्हणाले.

“अंदाज कसला? शिळा वास येत होता.”

दुसऱ्या महिन्यात तिने एक आणि चार या बाटल्या एकाच मळ्यातल्या असल्याचं सांगितलं, आणि त्या होत्या. तिसऱ्या महिन्यात मास्तर नेहमीप्रमाणे वाट वाकडी करून गेले, तर बाटलीखाली नवं कार्ड: ‘वहिनींची पसंती’. मास्तर दुकानाच्या काचेसमोर इतका वेळ उभे राहिले की दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, “काय मास्तर, अभिमान वाटतोय ना?” मास्तर वाटतोय म्हणाले. खरं सांगायचं तर ते कार्ड त्यांना बघवत नव्हतं. परक्या कुणी हे केलं असतं तर चारचौघांत त्याच्यावर नाक मुरडता आलं असतं. इथे ज्याचा मत्सर वाटत होता तो जीव रोज समोर बसून जेवत होता, आणि वर विचारत होता, “भाजी वाढू का अजून?”

घरात मास्तरांचं वागणं बघण्यासारखं झालं. तिने भांड्यात वाकून “दूध नासलंय” म्हटलं की ते “काही नासलं नाही” म्हणून पेलाभर पिऊन दाखवत. एकदा दोन दिवस पोट धरून बसले, पण दूध चांगलं होतं या शब्दापासून हटले नाहीत. ती गॅलरीत उभी राहून “शेजारी रंगकाम काढलंय वाटतं” म्हणाली की यांच्या अंगाचा तिळपापड होई. बायको चांगली आहे, हे त्यांना पटत होतं. पण ती आपल्याच गोष्टीत चांगली निघाली, याची आग काही केल्या विझत नव्हती.

फक्त एकदा गारवा मिळाला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “वहिनी, ती औषधी झाक तुम्हाला तरी लागते का हो?”

तिने ग्लास खाली ठेवला. क्षणभर मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही बाई. तेवढं मला नाही जमत.”

त्या वाक्यावर मास्तरांनी पंधरा दिवस काढले. पण सोळाव्या दिवशी कार्ड तेच होतं, ‘वहिनींची पसंती’, आणि पुढची झाकायची पाळी मास्तरांची होती. तेव्हा त्यांच्या मनात ते आलं. एकच वाइन दोन खोळींत घालायची. ही बया दोन्हींना वेगळे मार्क देणार, मग उठून उभं राहायचं आणि सांगायचं. एकदा तोंडघशी पडली की कार्ड जागच्या जागी परत.

एकाच वाइनच्या दोन बाटल्या आणल्या तर खोळीतूनही सारखे खांदे कळले असते. म्हणून मास्तरांनी घरातली एक लांब मानेची रिकामी बाटली धुऊन घेतली. शनिवारी दुपारी दुकानाचं दार लावून दुसरी बाटली तिच्यात ओतली. ओतायला नरसाळं घेतलं ते दुकानातलं. चष्म्याच्या काचा पुसायचं लिक्विड मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्यांत भरायचं, ते. वेंधळेपणा नको म्हणून ते तीनदा खळबळून धुतलं आणि नाकाशी धरून पाहिलं. कसलाही वास नव्हता. दोन नंबर आणि पाच नंबर, असे आकडे लावून मास्तर शीळ वाजवत घरी आले.

रविवारी ती त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसली. एक, दोन, तीन, चार चाखून झाल्या. पाचचा ग्लास नाकाशी नेल्यावर ती थांबली. परत दोन नंबरचा हुंगला, परत पाचचा. मग चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, आणि वर पाहिलं ते थेट मास्तरांकडे. मास्तर खोळींच्या शिवणीकडे बघू लागले. थोड्या वेळाने तिने पॅडवरची आणखी एक चिठ्ठी ओढून घेतली.

वाचन सुरू झालं. डॉक्टरांची चिठ्ठी आली तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना. पाच नंबरपुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं: ‘शेवटी औषधी झाक. मास्तर, सापडली एकदाची.’ डॉक्टर उठून उभे राहिले, त्यांच्याशी सगळ्यांनी हात मिळवले. मास्तरांनीही मिळवला. आपल्याला त्या दिवशी चाखायचं नव्हतं म्हणून त्यांना जरा वाईटच वाटलं.

मग तिची चिठ्ठी. दोन नंबरला सोळा, पाच नंबरला नऊ.

मास्तर उठले. “एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले, आणि दोन्ही खोळी उतरवून, नरसाळ्याचा भाग वगळून, सगळं सांगितलं. माळ्यावर हशा पिकला. आपणही दोन्हींना वेगळेच मार्क दिलेत हे बाकीचे सोयीस्करपणे विसरले आणि सगळे तिच्याकडे वळले.

“वहिनी, गंडलात की,” डॉक्टर म्हणाले.

“गंडले खरी,” ती म्हणाली. “मास्तर ते मास्तर.”

दुकानदाराने ड्रॉवरमधून जुनं पांढरं कार्ड काढलं, बाहीने पुसलं आणि मास्तरांच्या वरच्या खिशात खोचलं. “पुढच्या महिन्यापासून हेच,” तो म्हणाला. इतक्या महिन्यांनी मास्तरांना त्या जिन्यावरून उतरताना पाय हलके वाटले.

घरी आल्यावर मास्तरांचा स्वभावच पालटला. जिंकलेला माणूस फार दिलदार असतो. खोळी दर खेपेला तीच धुवायची, पण आज मास्तर म्हणाले, “तू बस गं, मी धुतो.” ती काहीतरी बोलणार होती, तोवर हे बाथरूममध्ये पोचलेही. एक, दोन, तीन, चार. पाचची खोळ उलटी केली तर तळातून घडी घातलेली चिठ्ठी पडली. त्यांच्याच दुकानाच्या पॅडची, आणि अक्षर तिचं.

‘२ आणि ५ एकच. दोन्हीला १६. ५ काल उघडलेली, तिला चष्म्याच्या लिक्विडचा वास. ह्यांच्या बोटांना असतो तोच.’

मास्तरांनी ती दोनदा वाचली. नळ तसाच वाहत होता. पहिल्या ओळीने तोंडात मारल्यासारखं झालं, पण तो मार बसायच्या आत शेवटची ओळ आत शिरली. ओल्या हातांनी ते कपाटाशी गेले आणि वह्या काढल्या. शेवटी एक औषधी झाक. किंचित औषधी झाक. औषधी झाक, फार सुरेख. पानामागून पान, चार वह्या, अकरा वर्षं. नाकाशी ग्लास नेताना प्रत्येक वेळी बोटंही नेली होती. सहा ग्लास हुंगता हुंगता कधीतरी ती त्यांना लागत असणार, आणि बाकी कुणाला ती का सापडत नव्हती तेही आता उघड होतं. आजच्या पाच नंबरपर्यंत ती बाटलीत कधी नव्हतीच. मास्तरांनी बोटं नाकाशी धरली. काहीच आलं नाही.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गवार मोडत होती. त्यांनी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली.

“खोळी गोळा करताना त्यातच खुपसली होती,” ती म्हणाली. “धुताना काढणार होते मी.”

“कधीपासून माहीत होतं? झाकेचं.”

“पहिल्याच दिवशी. तुम्ही तुमचा ग्लास मला दिलात ना हुंगायला. तुमच्या ग्लासाला हा वास येत होता, माझ्याला नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तिथे तुमचं ते एकच तर होतं.” तिने एक शेंग मोडली. “आणि आज कळलं, तुम्हाला ते किती हवं होतं. माझं काय, मला उद्या टेबलावर कपडे आहेतच.”

मास्तर खुर्चीत बसले. रागवायला जागा नव्हती. जिंकलेलं कार्ड तिने हातात ठेवलेलं होतं, आणि ते देऊन टाकताना तिला काही वाटलंही नव्हतं. त्या न वाटण्याचाही त्यांना हेवा वाटला. त्यांनी कार्ड खिशातून काढलं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

“इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं त्यात? लग्न झालं तेव्हापासून येतो. तुम्ही बेल वाजवायच्या आधी मला कळतं, आलात ते.”

मास्तरांनी पुन्हा हात नाकाशी नेला, डोळे मिटले, डॉक्टरांसारखी मान तिरकी केली. नव्हता.

“कसा असतो?” त्यांनी विचारलं.

तिने हात पदराला पुसले. लॉन्ड्रीत कपडा धरते तसा त्यांचा पंजा दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. घाई केली नाही. “आधी गार,” ती म्हणाली. “मग थोडासा बर्फाच्या खोलीसारखा. मग गोडसर, अगदी जरा. आणि मागे औषध उरतं, पण बरं वाटणारं.”

मास्तर ऐकत होते. इतकं नेमकं त्यांना चार वह्यांत एकदाही लिहिता आलं नव्हतं. आणि बावीस वर्षं हा वास तिला मिळत होता, रोज, बेलच्याही आधी. ज्याच्या हातांचा होता, त्याला मात्र तो घरात एकदाही आला नव्हता. जळफळाटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“परत सांग,” ते म्हणाले.