एका तलावाची दोन गावं

“सोपा, पण कोणाले सोपा?”

ऑफिसात कोणी एखाद्या ढाच्याची तारीफ केली की भाऊ हेच विचारायचे. आवाज चढवायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उत्तराची वाट पाहत बसायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपुरात कॉम्प्युटरच्या एका ऑफिसात मी झाडपूस आणि चहा करायची. भाऊ वेबसाइटी बनवायचे. तेव्हा चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातले तलाव आणि मासेमारीच्या संस्था यांची मोठी वेबसाइट करायची होती. हजारो पानं. ती कोणत्या ढाच्यावर, म्हणजे कोणत्या सॉफ्टवेअरवर, उभी करायची, यावर रोज चर्चा चाले.

भाऊंच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. मला समजावं म्हणून ते सांगायचे, “हा पहिला ढाचा म्हणजे रेडिमेड शर्ट. सगळं तयार, घातला का चालला. दुसरा म्हणजे कापड अन् कैची. टाइम लागते, पण माप आपलं.”

त्यांनी तेच दहा तलाव दोन्हींत करून पाहिले. कुठे पान लवकर उघडतं, कुठे अडकतं, ते वहीत लिहायचे. मग मला बोलवायचे. “या जी बाई, एक तलाव शोधून दाखवा.”

मी चौथी शिकलेली. हात पदराला पुसत म्हणायची, “चुकलं तं?”

“चुकलं तं ढाचा चुकला. तुमी नाई.”

असा माणूस तुम्हाला भेटला असेल, तर तुम्ही नशीबवान.

शेवटी रेडिमेडच ठरला. ऑफिसच्या साहेबांनाही तोच आवडला. दोन आठवडे काम झालं. सोमवारी संस्थांची माणसं पाहायला येणार होती. शनिवारी भाऊंनी मला बसवलं. मी आमच्याच गावचा तलाव शोधला. सापडला. खाली नाव मात्र शेजारच्या गावाचं.

“काऊन जी, काय झालं?”

“काई नाई भाऊ.”

मी कप उचलून आत गेले. तोच कप दोनदा धुतला. मग परत येऊन बोलले, “भाऊ, पाळ त्यायच्या अंगाले आहे, पण तलाव दोन्ही गावाचा. एक साल त्यायची संस्था मासे धरते, एक साल आमची. इथी आमचं नाव नाई दिसलं, तं उद्या लोक म्हणतील आमचा हक्कच नाई.”

भाऊ शहरातले. ज्या गावाच्या बाजूला पाळ, म्हणजे तलावाचा बांध, त्याचाच तलाव, असं त्यांनी धरलं होतं. आणि रेडिमेड ढाच्यात एका तलावाला एकच गाव जोडता येत होतं. दुपारभर त्यांनी खटपट केली. तलाव दोनदा लिहून पाहिला, तर एकीकडे बदललेलं दुसरीकडे जुनंच राही.

“रेडिमेडले तिसरी बाही नाई लावता येत,” ते हसून म्हणाले आणि साहेबांकडे गेले.

“एका तलावापायी दोन हप्त्याचं काम फेकता काय?” साहेब म्हणाले. “तेबी चहावाल्या बाईच्या सांगण्यावरून?”

“हाव. तपासाले त्यायलेच बसवलं होतं ना. अन् असे तलाव किती असतील, आपल्याले कुठी मालूम?”

सोमवार हुकला. साहेब त्यांच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. भाऊंनी दुसऱ्या ढाच्यात सगळं नव्यानं उभं केलं. थोडं उरलं असताना साहेबांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस आणला. भाऊ हैदराबादला कामाला गेले. जाताना त्या माणसाला एवढंच म्हणाले, “माया जागी बसा, पण ढाचा नका बदलवजा जी.”

त्यानं बदलला नाही. वेबसाइट सुरू झाली, तेव्हा आमच्या तलावाखाली दोन गावं होती, दोन संस्था.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षबाई ते पाहायला एसटीनं आल्या. दोन्ही नावं बोट ठेवून वाचली. “कोणी केलं हे?”

मी भाऊंची खुर्ची दाखवली. नवा माणूस जेवायला गेला होता. त्यांनी सुकवलेल्या झिंग्यांची पिशवी खुर्चीवर ठेवली. “आला का देजो त्याले.”

मी हो म्हटलं आणि नवा माणूस आल्यावर पिशवी त्यालाच दिली. ऑफिसात दोन दिवस वास होता.